रिकाम्या गाडीचे पाटे

घोटावड्याच्या भिवाजीला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. बायकोनं तर नाहीच नाही. लष्कराच्या लिलावातली जुनी पिकअप त्यानं दारात आणून उभी केली, तेव्हा सारजाबाईनं एवढंच विचारलं होतं, "ह्या धुडाला ठिवायचं कुटं?" तर गडी तीन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. घरात त्याला बोलायची टाप एकीचीच होती, ती म्हणजे त्याची लेक जया. एकुलती एक, नवसासायासानं झालेली. लग्नाआधी ती आबांच्या शेजारी बसून थेट पुण्याच्या मंडईपर्यंत जायची आणि नुसत्या आवाजावरून सांगायची, "आबा, मागचं डावं चाक रडतंय बगा." उतरून पाहावं तर खरंच तिथं काहीतरी ढिलं झालेलं असायचं. भिवाजी चार लोकांत सांगत सुटायचा, माझी लेक मिस्त्र्याच्या वर हाय म्हणून.

ही जया कोळवण खोऱ्यात दिली होती, अगदी आत, डोंगराच्या पायथ्याशी. अठ्ठावन्न सालच्या दिवाळीत तिला दिवस गेल्याची बातमी आली आणि भिवाजीनं त्याच दिवशी गावभर सांगून टाकलं, की सातव्या महिन्यात लेकीला बाळंतपणाला आणायची ती आपल्या पिकअपमधून. बैलगाडीचं नाव काढायचं नाही.

पण पिकअपच बसली होती. मागच्या चाकांवर गाडीचं ओझं तोलणारे जे पोलादी पाटे असतात, एकावर एक रचलेले, त्यांची कमान पार मोडून ते सपाट झाले होते. दहा पोती भात टाकलं की गाडीचं बूड चाकाला घासायचं. पाटे बदलणं भाग होतं, आणि कुठले घालायचे यावर भिवाजीनं महिनाभर डोकं चालवलं.

गावातला कुशाबा लोहार म्हणाला, "नवं कशाला? हायेत तेच भट्टीत घालून कमान चढवतो, पाणी देतो, वर एक पातळ पाटा वाढवतो. बारा पोती सुखानं वाहशील."

पुण्याच्या जुन्या बाजाराजवळचा वाल्मीक मिस्त्री हसला. "लोहाराच्या नादी लागू नका, पाव्हणं. माझ्याकडं मोठ्या ट्रकचे पाटे आलेत. एकेक बोटभर जाडीचा. वीस पोती टाका, गाडी हूं का चूं करायची न्हाई."

आता दोघांपैकी कुणाच्याही शब्दावर जाईल तो भिवाजी कसला! त्यानं स्वतःच पारख केली. गाडीच्या मागच्या हौद्यात चुंबळीवर काठोकाठ भरलेली कळशी ठेवायची, लवळ्यापर्यंत जाऊन यायचं आणि किती पाणी उरलं ते बघायचं. कुशाबानं आधी दोन्ही बाजूंचे पाटे शेकून कमान चढवून दिले. रिकाम्या गाडीत कळशी पाऊण भरलेली परत आली. मग महाळुंग्याच्या एका ओळखीच्या माणसाची गाडी मागून आणली. तिला ट्रकचे पाटे होते. रिकामी नेली तर कळशीत तळाला ओंजळभर पाणी. पण तीच गाडी वीस पोती भरून नेली, तर कळशी जशीच्या तशी! थेंबभरही सांडलं नव्हतं.

"बगितलंस?" भिवाजी कुशाबाला म्हणाला. "भरल्या गाडीत लोण्यासारखी चालती."

"भरल्या गाडीत," कुशाबा म्हणाला. "जाड पाट्याला वझं पायजे, भिवाजी. वझं नसलं की सारा दणका वर बसलेल्याच्या हाडात जातुया."

"मी रिकामी गाडी फिरवायला का येडा हाय?"

सारजाबाई दळण पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "अवं, जयाला आणायची हाय. मऊ काय ते बगा."

"तिला आणायची एकदा. भात वाहायचं रोज," भिवाजी म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी ट्रकचे पाटे चढवून आला. कुशाबानं शेकलेले पाटे गोठ्याच्या आढ्याला टांगले गेले.

'तिला आणायची एकदा' हे वाक्य पुढं त्याला जन्मभर पुरलं. जेवताना घास घशाशी अडकावा तसं ते मध्येच वर यायचं.

फाल्गुनात जयाचं डोहाळजेवण झालं. भिवाजीनं गाडी धुऊन काढली, बॉनेटला झेंडूची माळ बांधली, हौद्यात गुडघाभर पेंढा अंथरला, त्यावर दोन गाद्या घातल्या. सारजाबाईला घेऊन सकाळीच निघाला. रिकामी गाडी खडकाळ रस्त्यावर अशी उडत होती की सारजाबाईच्या हातातल्या दोन बांगड्या पिचल्या. येताना बैलाच्या चालीनं आणू, एवढं भिवाजीनं मनाशी ठरवलं.

व्याही हैबतराव मोठ्या मनाचा माणूस. दारात पिकअप उभी राहिली तशी सगळी वाडी गोळा झाली. बायकांनी जयाची ओटी भरली. जया बाहेर आली, हिरव्या लुगड्यात, जड पावलांनी, आणि पहिल्यांदा बापाकडं न जाता गाडीच्या मागं गेली. वाकता येत नव्हतं तरी वाकून तिनं पाहिलं.

"आबा, पाटं बदललं?"

"व्हय. ट्रकचं हायेत. बेस हायेत का न्हाई?"

"रिकामी आदळंल की ओ."

तेवढ्यात हैबतरावाचे दोन गडी पाठीवर पोती घेऊन आले. "भिवाजीराव," हैबतराव म्हणाला, "आंबेमोहोराची बारा पोती काढून ठिवल्यात. बाळंतिणीला, बारशाला लागतील. हौद्यात पुढच्या अंगाला टाकू, मागं पोरीला ऐसपैस जागा ऱ्हाती."

भिवाजी दोन पावलं मागं सरला. मुलीला मूल होईतो तिच्या घरच्या पाण्याला बाप तोंड लावत नाही, ही मावळातली जुनी रीत. सकाळी वाटेतच तो आणि सारजाबाई ओढ्यावर पाणी पिऊन आले होते ते याचसाठी. आणि हा बाबा बारा पोती तांदूळ गाडीत टाकायला निघालेला!

"न्हाई न्हाई, हैबतराव. रीत मोडू नगा. लेकीच्या घरचा दाणा आमाला चालत न्हाई."

"अवं मग तुमाला नका घेऊ. पौडाला माझ्या भावाकडं उतरवा. वाटंपुरतं वझं."

"लेकीला न्यायला आलोय मी. माल वाहायला न्हाई."

सगळी वाडी ऐकत होती. भिवाजीची मान ताठ होती. जया जवळ आली आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "आबा, घ्या की. गाडी मऊ चालंल."

तिला ठाऊक होतं. पाट्यांची सगळी विद्या त्यानंच तर तिला शिकवली होती. आणि त्यालाही ठाऊक होतं. कळशीतलं ओंजळभर पाणी त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण चार लोकांसमोर, व्याह्याच्या दारात, लेकीच्या घरचं धान्य गाडीत भरून घ्यायचं? लोक तोंडात शेण घालतील.

"हळू नेतो, बाय माजे," तो म्हणाला. "फुलासारखी नेतो." पोती परत घरात गेली.

त्यानं खरंच हळू नेली. बैलसुद्धा पुढं गेला असता. पण जाड पाटे हळू-जोरात काही जाणत नव्हते. बारीक दगड चाकाखाली आला तरी हौदा ताडकन उडायचा. मागून सारजाबाईचा आवाज यायचा, "अवं, जरा बगून!" जया ओठ घट्ट मिटून, पोटावर दोन्ही हात धरून पडली होती.

तासाभरानं ओढा लागला. पाणी घोटाभरच होतं, पण पाण्याखाली बैलगाड्यांच्या चाकोरीनं पडलेला खड्डा होता. पुढचं चाक पार झालं आणि मागचं धाडकन आत गेलं. पाटे लवलेच नाहीत. सगळी गाडी वर उडून खाली आपटली.

जया ओरडली. "आबा!"

भिवाजी उडी टाकून मागं धावला. सारजाबाईनं जयाचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पेंढ्यावर रक्त उतरत होतं.

"गाडी हाका!" सारजाबाई ओरडली. "पौडाला कोंडाबाई सुईण हाय. हाका लवकर!"

त्यानं गाडी हाकली तशी जया दर धक्क्याला किंचाळू लागली. मागून सारजाबाई म्हणायची, "अवं हळू! पोर मरंल!" हळू केली तर, "अवं चला की, रगत थांबत न्हाई!" जोरात न्यावं तर धक्के मारतील, हळू न्यावं तर वेळ मारील. देवा रे, असा पेच तू वैऱ्यालासुद्धा घालू नको.

वाटेच्या कडेला धनगरांची मेंढरं बसली होती. पाच-सहा बाप्ये सावलीला होते. किंकाळी ऐकून त्यातला एक थोराड माणूस, म्हसू त्याचं नाव, काठी टाकून पळत आडवा आला. मागं डोकावला, चाकाकडं पाहिलं.

"गाडी रिकामी हाय रं बाबा! म्हून आदळतीया. थांब, आमी चढतो."

सगळे धनगर हौद्यात चढले. कडेनं दाटीवाटीनं उभे राहिले आणि बाळंतिणीची लाज राखावी म्हणून सगळ्यांनी तिच्याकडं पाठ केली. म्हसूनं पाच-सहा मेंढेसुद्धा वर ओढून घेतले. भिवाजीनं गाडी सुरू केली.

पाटे दबले. गाडी मऊ झाली. तोच रस्ता, तीच चाकं, तेच पाटे. पौडापर्यंत जया एकदाही ओरडली नाही. भिवाजीला पुढचं दिसत नव्हतं, इतके डोळे भरून आले होते. ह्यांच्या वजनाएवढं, उलट जास्तच, आंबेमोहोराचं वजन त्यानं मघाशी दारातून परत पाठवलं होतं. निदान ओढ्यातले दगडगोटे तरी भरून घ्यायचे! पण डोक्यात रीत भरलेली असताना दगड सुचणार कुठून!

कोंडाबाईनं जयाला वाचवलं. पोर मात्र रडलं नाही. मुलगी होती. केस काळेभोर होते, म्हणे. भिवाजीनं पाहिलं नाही, त्याचं धाडसच झालं नाही. कोंडाबाई हात धूत म्हणाली, "सातव्यात असं कुणाचंबी होतं बाबा. गाडीनंच झालं असं न्हाई." ती चांगली बाई होती. भिवाजीनं मान हलवली आणि परसात जाऊन भिंतीवर कपाळ आपटून घेतलं.

घरी आल्यावर भिवाजीनं गाव काय म्हणेल याचा विचार न करता भर दुपारी गाडी दारात दगडांवर चढवली, ट्रकचे पाटे सोडले आणि गोठ्यातले जुने उतरवून चढवले. कुशाबा आपणहून आला, नटबोल्ट आवळू लागला. मग भिवाजी कळशी भरून घेऊन आला, ती हौद्यात चुंबळीवर ठेवली आणि रिकामी गाडी लवळ्याला नेऊन आणली. कळशी पाऊण भरलेली होती. तिच्याशेजारी बसून तो पोरासारखा ढसाढसा रडला.

दोन महिने जया माहेरी राहिली. बरी झाली, पण गप्प झाली. मग तिला सासरी पोचवायची वेळ आली. ती पुढं, आबांच्या शेजारी बसली, लहानपणी बसायची तिथंच. गाडी कोळवणाच्या रस्त्याला लागली. ओढा आला. खड्डा तसाच होता. चाक आत उतरलं आणि गाडी नुसती डोलून बाहेर आली.

"हितंच न्हवं?" जया म्हणाली.

"व्हय."

"आता कळलं बी न्हाई." तिनं मागं कान दिला. "आबा, मागचं चाक रडत न्हाई आता."

भिवाजीनं गाडी हळूच पुढं काढली.

हैबतरावाच्या दारात गाडी उभी राहिली. कुणी गोळा झालं नव्हतं. भिवाजी ओट्यावर टेकला. जया आत गेली आणि तांब्या घेऊन बाहेर आली. तिची सासू मागून हळूच म्हणाली, "अगं, त्यास्नी चालत न्हाई अजून. मूल कुटं झालंया?"

जया तशीच उभी राहिली, तांब्या पुढं धरून. तिनं बापाकडं पाहिलं. भिवाजीनं दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि तो सगळ्यांसमोर, डोकं मागं टाकून, तळाचा थेंब संपेपर्यंत पाणी प्यायला.

"हे मी त्या दिवशीच प्यायला पायजे हुतं, जया," तो म्हणाला.

जयानं तांब्या परत घेतला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला हुंदका फुटला. भिवाजी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.