ताईची नवी चाल

डोंगरमाथ्यावरच्या आमच्या वाडीत पहाट व्हायची ती ताईच्या पावलांनी: एक पाऊल ठाम, दुसरं घासत येणारं, आणि त्या दोहोंमधला इवलासा विराम. जन्मापासून तिच्या डाव्या पायाची टाच आत वळलेली. पावलाच्या बाहेरच्या कडेवर देह तोलत ती शेणाच्या पाट्या नि गवताचे भारे अशा डौलाने वाही, की धडधाकट पायांची मी तिची धाकटी बहीण उगीचच ओशाळत असे. ती चाहूल लागताच चांदी म्हैस कान टवकारी आणि ताई भांडं घेऊन बसते न बसते तोच पान्हा सोडी.

पोलादपूरच्या डॉक्टरांनी तिला मुंबईला धाडलं. तिथे टाचेचं हाड कापून सरळ बसवणार होते.

"हाड कापल्यावर कोन चालतं गो?" आईने डोळ्यांना पदर लावला.

"तशीबी वाकडीच हाय," म्हणत ताई पिशवीत लुगडी भरत राहिली. तिच्या त्या निर्भयतेचं मला आजही नवल वाटतं.

मार्गशीर्षाच्या कोवळ्या उन्हात, प्लास्टर उतरवून ती परतली. आयुष्यात प्रथमच तिची टाच भुईला पुरती टेकत होती. आम्ही हरखलो, चांदी मात्र बिथरली. ही समसमान पावलं कुणाची, हेच तिला उमगेना. तिने लाथ झाडली, पान्हा चोरला. ऑपरेशनला जाताना कोरडे राहिलेले ताईचे डोळे तेव्हा भरून आले.

"घटकाभर जुन्यासारखी चाल की. ती तुला वळखत नाय," आई काकुळतीने म्हणाली. घरचं सारं दूध-ताक चांदीवरच होतं; ताई मुंबईत असताना आटलेली ती नुकतीच व्यायली होती आणि रेडकाखेरीज कुणालाही थेंब देत नव्हती. पण पावलाच्या कडेवर भार दिला तर कोवळं हाड पुन्हा वळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"नाय आये. आता मी अशीच येनार. तिला शिकू दे."

मग रोज पहाटे ती गोठ्यापुढच्या दगडांवर टाच टेकवत, चांदीला हाका मारत, सावकाश फेऱ्या घालू लागली. आई रिकामं भांडं घेऊन दारात उभी राही. बाराव्या दिवशी चांदीने कान टवकारले आणि भांड्यात धार वाजली. ताई हसता हसता रडली.

आता ताई नाही, तो गोठाही नाही. पहाटे डोळे मिटून पडले की ती येते, पण येते ती जुन्याच चालीने, एक पाऊल ठाम, एक घासत. मुक्या चांदीला जे बारा दिवसांत साधलं, ते माझ्या कानांना इतक्या वर्षांत साधलेलं नाही.