थेंबातलं मीठ

माझा उजवा अंगठा दुखतो, त्याला कारण पिपेट, अंगठ्यानं दाबून थेंब सोडायची नळी. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात बारा वर्षं मी एकच काम करते आहे. सांडपाण्यातला रंग खाणारं एन्झाइम घ्यायचं, त्याच्या जनुकात बारीक बदल करायचे, त्यातलं सरस ठरेल ते निवडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. शहाण्णव खळग्यांची एक ताटली, दिवसाला दहा ताटल्या.

मग पुण्याहून श्रुतिका आली, सव्वीस वर्षांची, आणि तिच्याबरोबर ते यंत्र. तेलात पाण्याचे केसाहून बारीक थेंब, दर थेंबात एक वेगळं एन्झाइम. ज्याचं काम चांगलं, तो थेंब चमकतो आणि यंत्र त्याला बाजूला काढतं. माझं बारा वर्षांचं काम जेवणाच्या सुट्टीत उरकायचं. साहेब तिथे उभे राहून बघायचे. माझ्या ताटल्या बघायला कधी कोणी आलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटला, सरळच सांगते. अगदी तिच्या न दुखणाऱ्या हातांचासुद्धा.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती. आमचं सांडपाणी खारट असतं आणि स्वच्छ पाण्यात निवडलेलं एन्झाइम त्यात तासाभरात गार पडतं. हे कळायला माझी चार वर्षं गेली होती. श्रुतिका थेंब स्वच्छ पाण्याचेच करत होती. मी पाहिलं आणि गप्प बसले. दोघींच्या एन्झाइमची चाचणी व्हायची होती; तीत तिचं पडलं की सांडपाण्याच्या टाकीत माझं जाणार होतं. त्यानंतर मी तिच्या खोलीकडे फिरकलेच नाही.

चाचणीला सांडपाण्याचे दोन चंबू शेजारी ठेवले, एकात माझं एन्झाइम, दुसऱ्यात तिचं. तासाभरात माझा जांभळ्याचा गुलाबी झाला. तिचा नितळ.

"पाणी टाकीतलंच आणलंत ना?" मी चंद्राबाईंना विचारलं. सांडपाणी आणायचं काम त्यांचं.

"टाकीतलाच गो. ही पोरगी म्हयनाभर रोज कॅन नेतेय माज्याकडनं. तुला म्हायीत नाय?"

श्रुतिकानं कपाटातली माझी जुनी वही साहेबांपुढे धरली. "मीठ, सर. यात ताईंनी लिहून ठेवलंय. वाचलं आणि सगळे थेंब पुन्हा सांडपाण्यात केले. श्रेय त्यांचं."

साहेबांनी माझं अभिनंदन केलं. ते गेल्यावर तिनं वही मिटून माझ्या हातात दिली.

"ताई, सुरुवातीला आपण रोज एकत्र डबा खायचो. तेव्हा का नाही सांगितलंत?"

मी अंगठा चोळत राहिले.