आडनावाच्या भिंतीवर

१९६४ साली आमच्या आडनावाच्या मंडळाने स्वतःचा हॉल बांधला आणि त्यात आडनावातल्या नामवंतांचे फोटो लावले. एक न्यायाधीश, एक पूल बांधणारे इंजिनियर, दोन प्राध्यापक आणि एक कवी, ज्यांची एकही ओळ कुणाला पाठ नव्हती. अध्यक्ष आमचे धाकटे काका.

माझी ताई लग्नाआधी किनाऱ्यापासून थेट बेटापर्यंत पोहत गेली होती. तोवर ते कुठल्याच बाईला जमलं नव्हतं. पेपरात आमचं आडनाव ठळक छापून आलं, तेव्हा काकांनीच गल्लीभर पेपर वाटले होते. आता ती सासरहून आजारी होऊन परतली होती. जिना चढताना तिला धाप लागे. तिच्या डोळ्यांदेखत तिचा फोटो त्या भिंतीवर लागावा, एवढंच आईला हवं होतं.

"वहिनी, जिवंत माणसांचे लावत नाही आपण," काका म्हणाले. "नाहीतर माझाच नसता का लावला?"

ताईला हसू आलं. "आई, जरा कळ काढ. काकांची अट पुरी करतेच मी."

आईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

हिवाळा सरता सरता ताई गेली. आई फोटो घेऊन हॉलवर गेली, सोबत मी. ओल्या केसांची, दात काढून हसणारी ताई. काका फोटोकडे बघेनात.

"समजून घ्या वहिनी. दिलेली लेक. तिचं आडनाव आता वेगळं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत, भाऊजी?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ताईच्या सासरच्यांचंही असंच मंडळ होतं. तिथल्या चिटणीसांनी आम्हाला दारातच उभं केलं. "पोहल्या तेव्हा त्या तुमच्या होत्या. आणि आमच्याकडे नांदल्या तरी कुठे?"

घरी आल्यावर मी खिळा आणि हातोडी काढली.

"राहू दे," आई म्हणाली. "इथे सगळ्यांना माहीतच आहे ती कोण होती."

काका वारले तेव्हा त्यांचा फोटो लगेच लागला. मंडळ चालवलं, हीच त्यांची कीर्ती. ताईच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं. हॉल पुढे फर्निचरवाल्याने भाड्याने घेतला. मी लग्न होऊन तिसऱ्याच आडनावात गेले. ताईचा फोटो माझ्या कपाटात आहे. आई पुष्कळ जगली. शेवटी शेवटी मला ताई समजून विचारायची, "दमलीस का गं?"

मी नाही म्हणायचे.