आवाज घोगरा झाला तर समजा, मी आहे

मी एल्ड्रिडच्या डाव्या खांद्याच्या हाडाखालून बोलतोय. मी एक चपटं, छोटं यंत्र. माझी तार तिच्या मानेतल्या नसेला गुंडाळलेली आहे. दर थोड्या वेळाने मी त्या नसेला हलकी टिचकी मारतो, म्हणजे मेंदूत उठू पाहणारं वादळ बहुतेक वेळा निवतं.

तिला फेफरं येतं. गोळ्या वाढवून झाल्या, बदलून झाल्या. एकदा झटका आला की थांबेचना. बोटीने फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधली खोल खाडी, ओलांडून इस्पितळ गाठावं लागे. मेंदूची शस्त्रक्रिया करावी, तर दुखण्याचं मूळ नेमकं बोलण्याच्या जागेला चिकटलेलं. म्हणून मला आत बसवलं.

माझी एक खोड आहे. मी टिचकी मारली की तिचा आवाज घोगरा होतो. आणि एल्ड्रिड तर गायिका!

मला गप्प करणं सोपं आहे. लोहचुंबक माझ्यावरून नुसतं फिरवलं तर मी जादा टिचकी मारतो. ते माझ्यावर धरूनच ठेवलं तर मी मुका. त्यामुळे पुढे मी मुका होऊ लागलो, तेव्हा माझा संशय पहिल्यापासून तिच्यावरच.

नाताळात ती बुनाड, म्हणजे त्यांच्या खोऱ्याचा सणाचा पोशाख, घालून गायला निघाली. सासूबाई ओस्ता यांनी स्वतः शाल बसवली, डाव्या खांद्यापाशी चांदीचं ब्रोच लावलं. मी मुका झालो. तिचा आवाज मात्र झऱ्यासारखा. घरी येते तोच झटका. पुढे एका लग्नातही तेच.

"तू चुंबक लावतेस," तिचा नवरा तोरशेल म्हणाला.

"नाही लावत."

"मग आवाज नेमका गातानाच कसा सुधारतो?"

"झडती घे माझी. पण आधी हात धू, मासळीचा वास येतोय."

त्याने खरंच तिच्या पिशव्या उलट्या केल्या. काही सापडलं नाही. संशय दोघांचाही वाढला, त्याचा आणि माझा.

मग सतरा मे, त्यांचा राष्ट्रदिन. शाळेच्या पायऱ्यांवर एल्ड्रिड त्याच बुनाडमध्ये गात होती. दुसऱ्या कडव्यात शब्द अडखळले आणि ती कोसळली. तोरशेलने अशा वेळेसाठी खिशात ठेवलेलं चुंबक माझ्यावरून फिरवलं. मी ढिम्म.

"चाल ना, मेल्या!" तो ओरडला. श्वास घेता यावा म्हणून त्याने तिची शाल ओढून भिरकावली.

आणि मला जाग आली! त्याने पुन्हा चुंबक फिरवलं, मी टिचकी मारली. हळूहळू तिच्या मुठी सैल झाल्या.

शाल खाली पडलीच नव्हती. ब्रोचपाशी ती लोखंडी कठड्याला घट्ट चिकटली होती. तोरशेलने ती सोडवून उलटी केली. अस्तरात चुंबक शिवलेलं होतं; ब्रोचची पोलादी पिन न टोचताच त्याला चिकटून बसायची.

ओस्ताबाईंचा चेहरा उतरला. "माझ्या आजीची शाल रे ती. पिनेने भोकं पडतात."

"आई, सांगायचंस तरी!"

"काय सांगू? बुनाडला चुंबक लावलं म्हणून? गावातल्या बायकांनी माझी सालटी काढली असती!"

एल्ड्रिडने डोळे उघडले. नवऱ्याकडे बघत पुटपुटली, "झाली का झडती?"

त्याने अस्तर उसवलं, चुंबक काढलं आणि आईसमोरच ब्रोचची पिन शालीतून आरपार खुपसली.

आता माझी बॅटरी उतरत आली आहे. अजूनही कुणी ओस्ताबाईंसारखं प्रेमाने तिला शाल पांघरवायला आलं की मी सावध होतो. तोरशेल पहिल्या रांगेत बसतो. एल्ड्रिडचा आवाज मध्येच घोगरा झाला की बाकीचे चुळबुळतात. तो मात्र रोखलेला श्वास सोडतो.

तुम्हीही तेव्हा चुळबुळू नका. तिला गाऊ द्या.