डोकं नसलेली कोंबडी

मी काल्वियाच्या बोटातली मोहोरेची अंगठी. बोलू ना? फार वेळ घेणार नाही.

रोमन साम्राज्यातल्या अक्विलेया शहरातल्या एका खडे कोरणाऱ्याने माझ्या तांबड्या अकिकावर कोंबडी कोरली. पुष्कळांना ती बदक वाटते. डोक्यावर तुरा आहे म्हणून बरं, नाहीतर मलाही खात्री नसती.

काल्वियाच्या लग्नात तिच्या आईने, तितियाबाईंनी, मला तिच्या बोटात घातलं. म्हणाल्या, "पत्रावर हिचा ठसा दिसला की कळेल, माझ्याच लेकीने लिहिलंय."

पुढे तेलाच्या रांजणांवर, कोठीच्या दारावर मी ठसे उमटवले. मग बाळ झालं आणि नवरा वाइनची पिंपं घेऊन डॅन्यूब नदीकडे गेला. बाळ रडलं की काल्वियाला वाटे, पोटात दुखतंय. नाही रडलं की वाटे, श्वास चालू आहे ना? दिवसातून वीसदा तिचं बोट, आणि बोटाबरोबर मी, बाळाच्या नाकाखाली!

मनातून तिला आई हवी होती. पण एवढ्याशा पोराला घाबरले हे सांगायचं कसं? तिने लिहिलं, 'आम्ही मजेत. तू मुळीच येऊ नकोस.' पत्राच्या लाकडी पाट्या मिटल्या, दोरा बांधला, गाठीवर मेण ओतलं.

ठसा मारण्याआधी खड्याला जीभ लावायची, म्हणजे मेण चिकटत नाही, हे इथं पोरांनाही ठाऊक असतं. तेवढ्यात पत्र नेणारा गाडीवान खेकसला, "बाई, खेचरं थांबतील, मी नाही थांबणार!" तिने मला कोरडीच दाबली. मेण चिकटलं. कोंबडीचं धड पत्रावर गेलं, डोकं माझ्याकडेच राहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकच काम येतं मला, तेही नीट जमेना!

चौथ्या दिवशी तितियाबाई दारात हजर.

"आई! येऊ नकोस म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतंस गं. पण कोंबडीला डोकंच नव्हतं! पेला तीनदा पुसून पाणी पिणारी तू, असा ठसा पाठवशील? म्हटलं, एक तर पत्र वाटेत कुणी फोडलंय, नाहीतर पोरीचं चित्त ठिकाणावर नाही."

"फोडलं नाही कुणी," काल्विया म्हणाली आणि हसता हसता रडायलाच लागली.

"जेवलीस कधी?"

"परवा. बहुतेक."

"बाळ दे इकडे. आणि तू आडवी हो."

आता भर दुपार आहे. बाळ आजीच्या मांडीवर बसून तिचे केस ओढतंय. मला काल्वियाने काढून तिवईवर ठेवलंय. मंडळी, एवढीच विनंती, दारावर थाप मारू नका. ती झोपलीय.