मधली शिवण कुणाची

मित्रांनो, मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. गोड बोलण्याची अपेक्षा माझ्याकडून करू नका. जन्मभर लाथाबुक्क्या खाल्ल्या आहेत मी.

सांगजू गावातल्या तायक्वांदोच्या शाळेत बोक गुरुजींनी मला घडवलं. मुलाचा पहिला गणवेश आखूड झाला की तो माझ्या पोटात भरायचा, ही तिथली रीत. शिवलं मला काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं. थाक आणि प्यो या दोन मुलांचे गणवेश एकाच दिवशी आत गेले. तेव्हा दोघं एका डब्यात जेवायचे.

गुरुजी गेले, दोघं स्वतः सर झाले आणि त्यांनी तायक्वांदोच्या दोन वेगळ्या संघटना धरल्या. तेव्हापासून साप-मुंगसाचं वैर. शाळेचा नगरपालिकेच्या मालकीचा हॉल मात्र एकालाही सोडवेना, म्हणून दिवस वाटून घेतले. एकाचा ब्लॅक बेल्टवाला विद्यार्थी दुसऱ्याकडे गेला तर पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात. प्यो सरांची मुलं ठोशांनी माझं डोकं झिजवतात, थाक सरांची लाथांनी कंबर. दोघांनी माझ्या एकेका बाजूवर आपापला बिल्ला शिवला आणि दुसऱ्याची बाजू भिंतीकडे फिरवायची सवय लावून घेतली.

प्यो सरांकडे प्रत्येक हालचालीत अंग लाटेसारखं वरखाली करायला शिकवतात. जिन्यात गाठ पडली की थाक सर म्हणायचे, "काय रे, आज सराव केला की नुसताच लाटेवर वरखाली झालास?"

"तुमच्यात तोंडावर ठोसा चालत नाही ना? रस्त्यात कुणी मारला तर पंचाला हाक मारा," प्यो सर म्हणायचे.

मग माझी मधली शिवण उसवली. नगरपालिकेनं नोटीस लावली, की फाटकं सामान सोमवारी भंगारात जाईल. दोघांनी लगेच आपापल्या बाजूला नवी ठिगळं लावली. मधली शिवण कुणाचीच नव्हती. ठिगळांनी ती आणखी ताणली.

रविवारी काकूंनी दोघांना बोलावलं. ऐंशी वर्षांच्या काकू सुई-दोरा घेऊन जिना चढून आल्या. सुई त्यांनी माझ्या अंगात टोचून ठेवली. "मला सुईचं नेढं दिसत नाही रे. एकानं ओवा, एकानं धरा. दहा मिनिटांचं काम आहे."

"त्याच्या बिल्ल्याला मी हात लावणार नाही," प्यो सर म्हणाले.

"बघितलंत काकू? तुमच्यासमोर ही मिजास," म्हणत थाक सरांनी मला आपल्याकडे ओढलं. प्यो सरांनी उलट ओढलं. मी टरकन फाटले.

दोन लहान गणवेश जमिनीवर पडले. दोन्हींवर गुरुजींचा एकच बिल्ला, कॉलरवर काकूंनी टाक्यांनी काढलेली नावं. मला वेडीला वाटलं, आता तरी दिलजमाई होईल.

थाक सरांनी आपला गणवेश घडी करून काखेत मारला. प्यो सरांनी आपला. एक जिना उतरेपर्यंत दुसरा वर थांबला. काकूंना हात द्यायला कुणी थांबलं नाही, याचा मला अजून संताप आहे.

मित्रांनो, तुमची ठिगळं, तुमचे बिल्ले खुशाल मिरवा. पण मधली शिवण आधी शिवा. ती कुणाची, यावरून नंतर भांडा.

आज सोमवार. खाली भंगाराची गाडी उभी आहे. काकूंची सुई माझ्या अंगात टोचलेलीच आहे. तिच्यात दोरा ओवलेला नाही.