कापसाचे बोळे

निपाणीच्या अलीकडे हायवेलगत आमचं खासगी ट्रेनिंग सेंटर आहे. तिथे मी अठरा वर्षं पत्राकाम शिकवतो. ठोकाठोकीच्या आवाजापासून कान वाचवणारे इअरमफ आमच्याकडे वीस आहेत, पण कपाटात, कुलपाखाली. तपासणीला साहेब आले की पोरांच्या कानांवर चढवायचे, फोटो काढायचा आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली की काढून परत ठेवायचे. पत्र्याचा ठोका कानानं ओळखायचा, कान झाकले की हात बिघडतो, असं माझे उस्ताद सांगायचे. मी ते डोळे झाकून पुढे चालवलं.

संकेश्वरची ऋतिका बॅचमधली एकटी मुलगी. काम एकदम सुबक. कान दुखतात म्हणून एकदा तिनं इअरमफ मागितले. मी हाकलून लावल्यावर दुसऱ्या दिवशी कानात कापसाचे बोळे घालून आली.

"बाळंतीण हाय काय गं तू?" मी सगळ्यांदेखत ओरडलो. "काढ आधी!"

पोरं खिदळली. तिनं बोळे काढले आणि पुढं दीड वर्ष कधी घातले नाहीत.

परवा तिचे वडील भावकू आले. पुण्याच्या एका कंपनीनं ऋतिकाला निवडलं होतं, पण डॉक्टरी तपासणीत डाव्या कानानं कमी ऐकू येतं असं निघालं आणि नोकरी गेली. आता हा माणूस माझी गचांडी धरणार, असं मला वाटलं. त्यांनी हात जोडले.

"सर, पोरीनं खरं सांगितलं. सर रोज कानाला लावा म्हणत हुते, मीच ऐकलं न्हाय म्हणती. लई बोललो तिला."

सुटलो, असं पहिल्यांदा मनात आलं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. चारचौघांत झालेलं ते हसं तिला घरी सांगवलं नसणार.

"अण्णा, खोटं सांगतीया ती," मी कसाबसा म्हणालो. "मीच काढायला लावलं. सगळ्यांसमोर हसं केलं तिचं."

भावकूंचे डोळे भरून आले.

"पोरीची चूक सोताच्या अंगावर घ्यायला लागलाय व्हय सर? असले गुरुजी आता कुठं मिळत्यात!"

"न्हाय हो, खरंच सांगतोय..."

मी मागे सरकेपर्यंत ते वाकून माझ्या पाया पडलेसुद्धा.

"धाकट्या लेकीला, मंगलला बी तुमच्याच हाताखाली घालतो," म्हणाले, आणि फॉर्म आणायला ऑफिसकडे गेले.